पुरावा

पोलिसांनी दिली तेव्हा ती बुटांच्या खोक्यांत होती.
एकशे बारा.
काही मोज्यांत कोंबलेली, काही वर्तमानपत्रात,
मुळांवरची माती ब्रशने झाडून लख्ख केलेली.
परदेशी टपालात माती चालत नाही म्हणे.

"काट्रीनामावशी, तुमच्याकडे उत्तरेची खिडकी आहे,"
कॉन्स्टेबल बेकस म्हणाला,
"आमच्या चौकीत यांना ऊन नाही."
त्यानं सही घेतली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.
खोकी ज्याच्या पलंगाखाली सापडली
तो रुवेन, माझ्या धाकट्या बहिणीचा.

कागदावर लिहिलं होतं:
डोंगरावर परत लावू नयेत,
विकू नयेत, कुणाला देऊ नयेत. पुरावा आहे.
पुराव्याला पाणी किती घालायचं
ते लिहिलं नव्हतं.

मी घातलं.
तहानलेल्याला पाणी द्यावं, एवढंच मला येतं.
स्टाइनकॉफला नळ तीन दिवसांनी येतो,
तरी बादलीतलं अर्धं त्यांचं.
पंधरवड्यात एकवीस कुजली.
बोट लावलं की आतून पाणी फुटायचं,
शिळ्या काकडीसारखा वास.

मग मेव्हण्याचा वस्तरा काढला.
काळं कापत गेले, आत स्वच्छ हिरवं लागेपर्यंत.
कधी लागलं, कधी
कापायला काही उरलंच नाही.
वर चिमूटभर दालचिनी,
आणि दहा दिवस नुसती सावलीत पडू दिली.
पट्टी नाही, फुंकर नाही,
उघडी जखम आणि कोरडी हवा.
सगळ्यांत अवघड तेच. मी दिवसातून चारदा जायची
आणि हात मागे बांधून परत यायची.

तांब्याची खाण बंद पडली तेव्हा
माझ्या नवऱ्यानं तिथली एक चाळणी आणली होती.
तिच्यातून रेती चाळली, गारगोटीचे खडे वेगळे केले,
डब्यांच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडली.
सार्डिनचे डबे, बेबीफूडचे, एक जुना किटलीचा तळ.

जानेवारीत उरलेली सगळी कागदी झाली.
तपकिरी, सुरकुतलेली, वाटाण्याएवढी,
जणू कुणी त्यांच्यातून आपलं माणूस काढून नेलं
आणि कपडे तेवढे ठेवले.
मी कचऱ्याची बादली ओढली.

त्याच दुपारी रुवेन जामिनावर सुटून आला.
दारातच थांबला. बादलीकडे पाहिलं.
"मेली नाहीत ती.
उन्हाळाभर झोपतात.
थंडी पडेपर्यंत उठवू नकोस त्यांना."
मग आत आला, एक उचललं,
नखानं कवच जरासं सोललं:
आत हिरवं, ओलसर, हरभऱ्याएवढं.
लगेच झाकलं त्यानं, जणू कुणाचं पांघरूण ओढलं गेलं होतं.

रात्री टेबलावर सगळे डबे मांडून बसला.
"ही खिंडीतल्या पांढऱ्या उतारावरची.
ही दोन एकाच भेगेत होती, वेगळी का लावलीस?
हे दगडाकडे तोंड करून होतं."
नव्वदच्या नव्वद जागा त्याला पाठ.
पेन्सिलीनं डब्यांवर लिहीत गेला.
मी विचारलं, एकाचे किती मिळायचे?
सांगितलं त्यानं.
दोन पाव आणि थोडं तेल.
मी चहा गाळत राहिले.
चोराला जागा पाठ असते हे मला कळतं,
पण हा बोलत होता तो
शाळेतली हजेरी घेतल्यासारखा.

एप्रिलात समुद्राकडून धुकं वर चढलं.
तो पहाटे उठून खिडक्या उघडायचा,
मी ओरडायची, घर गारठतं.
केस उभी राहणार होती नऊ मे रोजी, स्प्रिंगबॉकच्या कोर्टात.
वकिलानं सांगितलं होतं, संख्या बरोबर हवी.
म्हणून मी रोज मोजायची, वहीत मांडायची,
आणि संख्या कधीच एकशे बारा व्हायची नाही.

दोन तारखेला सदतीस नंबरचं कवच उकललं.
मधोमध चीर, त्यात दोन नवे गोल गाल
आणि त्यांच्यामध्ये दाण्याएवढी कळी, पिवळी.
हातातली वही तशीच ठेवून
त्याला उठवायला गेले.

भिंतीकडे तोंड करून झोपला होता,
गुडघे पोटाशी, पांघरूण कानापर्यंत.
मी दाराशी उभी राहिले थोडा वेळ,
मग चपला हातात घेऊन
परत आले.